रिकाम्या ट्रेची सतरा खोकी

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे स्वेटरराव म्हणत. बाहेर डांबर वितळत असलं तरी त्यांच्या खोलीत अठरा अंश आणि त्यांच्या अंगात तोच राखाडी स्वेटर. यंत्रांना थंडी मानवते आणि माणसाला ती वाजते, एवढाच काय तो दोघांत फरक, असं ते म्हणत. बाकी बाबतींत त्यांचं यंत्रांशी छान जमे.

त्या सोमवारी मात्र स्वेटररावांना घाम फुटला होता. शनिवारी सकाळी सहा वाजता त्यांना नऊ दिवसांच्या रजेवर निघायचं होतं, आणि रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर एका पेपरवेटखाली पडून होता.

तसे स्वेटरराव तीन वर्षांत दोनदा रजेवर गेले होते. पहिल्या वेळी पाचव्या दिवशी मेहुणीच्या घरून, जेवणाच्या ताटावरून परत यावं लागलं. दुसऱ्या वेळी डोंगरातल्या एका हॉटेलातून. तिथं तर खिडकीतून दरी दिसायला लागली आणि फोन वाजला, हे एकाच मिनिटात झालं. त्यांची बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे. तीनशे शिकाऊ माणसांना तिनं रस्त्यावर आणलं होतं, त्यामुळे ती सहसा घाबरत नसे आणि एकदा बोललेलं बदलत नसे.

"समुद्रावरची खोली नऊ दिवसांसाठी घेतली आहे," ती म्हणाली होती. "शनिवारी सहाला मी गाडी सुरू करणार. तुम्ही गाडीत असलात तर उत्तम. नसलात तर तुमच्या जागी बाबांना बसवेन. त्यांना फोनची रिंग तरी ऐकू येत नाही."

"आणि मध्येच बोलावणं आलं तर?"

"तर बस स्टँडवर सोडेन. पुढच्या वेळी रजा घ्यायची तर त्या मशीनबरोबर जा. मी विचारणार नाही."

हे ती रागानं म्हणाली असती तर स्वेटररावांना बरं वाटलं असतं. ती गाडीचा आरसा पुसता पुसता म्हणाली होती.

ज्यांना सर्व्हर रूममध्ये कधी जावं लागलं नाही अशा सुखी माणसांसाठी इथं थोडं सांगायला हवं. त्या खोलीत चार मोठी यंत्रं होती आणि त्यांच्या पोटात चाळीस सर्व्हर राहत होते. खरे म्हणजे चारच. पोटातले चाळीस नुसते असल्यासारखे वागत. ऑफिसात ही पद्धत जुनीच असल्यामुळे कुणाला खटकत नसे. चार इमारती आणि चाळीस भाडेकरू म्हणा. प्रत्येक इमारतीला एक वॉचमन आणि त्याच्यापुढे एक वही. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा नळ गळतो, सगळं तो लिहितो. या वहीला लॉग म्हणतात. चारही वॉचमनांच्या वह्या एकाच ड्रॉवरमध्ये जात, आणि त्या ड्रॉवरमध्ये एकशे वीस जीबी मावत. ड्रॉवर भरला की वॉचमनला वही ठेवायला जागा राहत नाही. मग तो कर्तव्यदक्ष प्राणी काय करतो? लिहिता येत नाही तर दार तरी कशाला उघडू, असं म्हणून फाटक लावून उभा राहतो. चाळीस भाडेकरू अडकतात, खोक्यांचे कारखाने थांबतात, आणि स्वेटररावांचा फोन वाजतो.

इतर कंपन्यांत याला सोपा उपाय असतो. वही भरली की नवी काढायची, ठरावीक वह्या ठेवायच्या, त्याहून जुनी असेल ती टाकून द्यायची. याला रोटेशन म्हणतात. पण इथं एक आदेश होता.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी सगळे भाडेकरू अकरा मिनिटं निपचित पडले. तेव्हाचे जुने साहेब खवळले. त्यांनी फर्मान काढलं: 'यापुढे सर्व नोंदी अत्यंत बारकाईने घ्याव्यात. कोणतीही नोंद पुढील आदेशापर्यंत नष्ट करू नये. ड्रॉवर भरल्यास जबाबदार कर्मचाऱ्याने नोंदी स्वहस्ते अन्यत्र हलवाव्यात.' अकरा मिनिटांचं कारण दुसऱ्याच दिवशी सापडलं. रंगकाम करणाऱ्यानं आपल्या दिव्यासाठी एक प्लग उपटला होता. पण आदेश तो आदेश. पुढे जुने साहेब निवृत्त झाले आणि मधमाश्या पाळायला लागले. पुढील आदेश द्यायचं राहून गेलं. बारकाईनं लिहिणारे वॉचमन दिवसाला चोवीस जीबी लिहीत. पाच दिवसांत ड्रॉवर काठोकाठ. त्यामुळे दर चौथ्या दिवशी स्वेटरराव नोंदी स्वहस्ते एका सुट्या डिस्कवर हलवत. एक डिस्क भरली की ती बुटांच्या खोक्याएवढ्या खोक्यात ठेवत, वर तारखा घालत, आणि खोकं रॅकमागे रचत. खोक्यांना तिथं तोटा नव्हता. आजवर सतरा झाली होती.

साहेबांनी सोमवारी दुपारी बोलावलं. नवे साहेब स्वभावानं गरीब होते. त्यांना कुठल्याही गोष्टीला नाही म्हणवत नसे, आणि होही म्हणवत नसे. शेजारी कलमबाई बसल्या होत्या. कंपनीची नियमावली त्यांनी लिहिली होती. बाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी त्या 'कुठल्या कलमाखाली' असं विचारतील, अशी ख्याती होती.

"रजेला माझी हरकत नाही," साहेब म्हणाले. "पण मागच्या दोन्ही वेळी तुम्ही गेलात आणि मशीन बसलं. म्हणजे तुम्ही जाऊ नये असं दिसतं."

"साहेब, मी गेल्यामुळे नाही बसत. पाच दिवस झाल्यामुळे बसतं. जुन्या नोंदी आपोआप टाकायची परवानगी मिळाली तर मी वर्षभर गेलो तरी चालेल."

"इतकंही नको."

"टाकायच्या म्हणजे?" कलमबाईंनी चष्मा वर केला. "आदेश काय म्हणतो?"

"पुढील आदेशापर्यंत टाकू नका म्हणतो. पुढील आदेश साहेबांनी द्यावा."

साहेबांनी पेपरवेट हातात घेतला. "अहो, मी कसा देऊ? त्यात काही महत्त्वाचं निघालं तर?"

"तीन वर्षांत कुणी एक ओळही मागितली नाही, साहेब."

"मागितली," कलमबाई म्हणाल्या. "मी मागितली होती. एका मंगळवारची. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी ड्रॉवर भरल्यामुळे लिहिलंच गेलं नाही."

साहेबांनी पेपरवेट पुन्हा अर्जावर ठेवला. "शुक्रवारपर्यंत काहीतरी योजना आणा. माझी सही लागणार नाही अशी."

संध्याकाळी घरी जेवताना स्वेटररावांनी ही कर्मकथा सांगितली. समोर सासरे होते. आयुष्यभर एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. ऐकायला कमी येई, पण ऐकलेलं विसरत नसत. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी नवी कोरी, रुंद काठाची टोपी ठेवली होती.

"ही कुणाची?" स्वेटररावांनी विचारलं.

"माझी," सासरे म्हणाले. "ऊन लागतं म्हणतात समुद्रावर."

बायको भाजीकडे बघत राहिली. स्वेटररावांनी पाणी मागितलं.

"जावईबापू," पाण्याचा पेला पुढे सरकवत सासरे म्हणाले, "परवानगी मागायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मग काय करू? साहेब सही देत नाहीत."

"का देतील? मी एकतीस वर्षांत कागद नष्ट करायला सही देणारा माणूस पाहिला नाही. सही केली की उद्या तो कागद नेमका लागतो आणि सही करणारा लटकतो. लहान मुलालाही कळतं हे."

"मग रेकॉर्ड रूम रिकामी कशी व्हायची?"

"नोटीस लावायची." सासऱ्यांनी बोटं पुसली. "अमुक कागद अमुक दिवशी पाच वाजता नष्ट होतील. ज्यांना हवे असतील त्यांनी सही करून घेऊन जावं, आपल्या कपाटात ठेवावं आणि पुढे विचारणा झाल्यास स्वतः उत्तर द्यावं. परवानगी मागितलीत की तुम्ही अडलात. हरकत मागितलीत की समोरचा अडला."

"आणि कुणी आलं घ्यायला?"

"एकदा एक जण आला होता. कपाट बघायला गेला, तो परत नाही आला."

बायको खळखळून हसली. "बाबा, तुम्ही यांना युक्ती सांगितलीत तर तुमची जागा जाईल की गाडीतली."

सासऱ्यांनी टोपीकडे पाहिलं. "मागच्या सीटवर कुणी बसतं का?"

मंगळवारी सकाळी नोटीस लागली. स्वेटररावांनी ती नियमावलीच्या भाषेत लिहिली होती, म्हणजे ती कुणी पूर्ण वाचली नाही. सतरा खोक्यांतल्या सर्व नोंदी शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता नष्ट; इच्छुकांनी आपापली खोकी सहीनिशी न्यावीत. विक्री विभागातला एक जण आला, पण त्याला फक्त रिकामी खोकी हवी होती.

आता फक्त योजना करायची राहिली. ड्रॉवर केवढा हवा हे ठरवायचं तर वॉचमन रोज काय लिहितो ते बघायला हवं. म्हणून बुधवारी दुपारी स्वेटररावांनी एक अशी गोष्ट केली जी तीन वर्षांत कुणीही, ते स्वतः धरून, केली नव्हती. त्यांनी लॉग उघडून वाचला.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: भाडेकरू क्रमांक सात याच्या सीडीच्या ट्रेची तपासणी सुरू. ट्रेला विचारले. ट्रेला का विचारले. ट्रेने काय सांगितले. ट्रे रिकामा आहे. तपासणी समाप्त. अशा चाळीस ओळी. मग भाडेकरू क्रमांक आठ. त्याचाही ट्रे रिकामा. मग नऊ. एक सेकंद झाला की पुन्हा पहिल्यापासून.

स्वेटरराव पानं उलटत गेले. चाळीस भाडेकरू, प्रत्येकाला कागदोपत्री एक सीडीचा ट्रे, आणि चारही वॉचमन दर सेकंदाला प्रत्येकाच्या ट्रेत डोकावून, आत काही नाही हे चाळीस ओळींत लिहून ठेवत होते. स्वेटररावांनी कागदावर गुणाकार केला. चोवीस जीबीपैकी वीसेक जीबी फक्त हेच. शेवटची सीडी त्या इमारतीत कधी आली होती ते त्यांना आठवेना. सतरा खोकी, तीन वर्षं, मेहुणीचं ताट, डोंगरातली दरी; सगळं एका रिकाम्या ट्रेपायी.

पण बारकाईचा आदेश असला तरी इतकी बारकाई? कुठल्याही यंत्राला बारकाईच्या चार पायऱ्या असतात. ते सेटिंग बघायला गेले. पायरी चौथी. ती पायरी फक्त बिघाड शोधण्यापुरती, तासाभरासाठी लावतात. कुठल्या महाभागानं ही लावून ठेवली? रॅकचं दार उघडलं तर आतल्या बाजूला पिवळी पडलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'चौथी पायरी लावली आहे. तात्पुरती. उद्या बंद करणे.' अक्षर ओळखीचं होतं. साहेबांच्या टेबलावरच्या रजेच्या अर्जावर होतं तेच.

अठरा अंशांतही स्वेटररावांनी स्वेटर काढून ठेवला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्याकडे एक विद्यार्थी आहे. हँडब्रेक लावून गाडी चालवतो आणि इंजिनात दम नाही म्हणतो."

"कळलं."

"तीन वर्षं, अहो."

"कळलं म्हणतोय ना."

"चिठ्ठी फाडलीत?"

"नाही."

"का?"

"नोंद आहे ती," ते म्हणाले.

गुरुवारी योजना एका पानावर आली. बारकाई पहिल्या पायरीवर. मग दिवसाला एक जीबी. शंभर एमबी झाली की वही बंद, नवी सुरू. बंद झालेली वही दाबून बसवायची, ती दहाव्या हिश्शात मावते. नव्वद दिवसांच्या वह्या ठेवायच्या, सर्वांत जुनी आपोआप बाहेर. सगळं मिळून नऊ-दहा जीबी. उरलेला ड्रॉवर मोकळा; एखाद्या दिवशी खरंच काही बिघडलं आणि वॉचमन पुन्हा चोवीस जीबी बडबडले, तरी चार दिवस पुरेल. आणि ड्रॉवर किती भरला याचा एक निरोप रोज सकाळी नऊ वाजता साहेबांच्या फोनवर.

चाळीस ट्रे काढून टाकण्याचंही त्यांनी लिहिलं, आणि तिथंच पेन अडलं. नियमावलीत कलम चौदा होतं: 'तपासणीसाठी प्रत्येक सर्व्हरचा ट्रे सदैव जोडलेला व उपलब्ध असावा.'

शुक्रवारी पाचला वीस मिनिटं कमी असताना कलमबाई सर्व्हर रूममध्ये आल्या. अंगावर शाल, हातात नोटीस आणि वही-पेन.

"मी हरकत घ्यायला आले आहे," त्या म्हणाल्या. "सतराही खोकी मला हवीत."

स्वेटररावांच्या डोळ्यांपुढून एक गाडी निघून गेली. पुढच्या सीटवर रुंद काठाची टोपी होती.

"सतरा, बाई? ठेवाल कुठं?"

"ते माझं मी बघेन. कुणीतरी जबाबदारी घ्यायला नको? नोटीस लावून पुरावे जाळायचे, ही कुठली रीत? काय आहे त्यांत, बघितलंय तरी का तुम्ही?"

"बघितलंय," स्वेटरराव म्हणाले. "परवाच. तुम्हीही बघा. सहीआधी माल बघून घ्यावा."

त्यांनी एक डिस्क जोडली, खुर्ची पुढे केली. हीटर नव्हता म्हणून स्वतःचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला. कलमबाई वाचू लागल्या. त्या दोन पानं वाचून सोडून देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"ट्रे रिकामा आहे," त्या पुटपुटल्या. थोड्या वेळानं, "हाही रिकामा आहे." मग पुन्हा, "हाही?"

"सगळेच, बाई."

"दुसरं खोकं लावा."

दुसरं लावलं. नववं लावलं. बाईंनी स्वतःच्या हातानं चौदावं काढून दिलं. तिथंही रिकामाच.

"म्हणजे तीन वर्षं ट्रे रिकामे होते."

"हो. आणि आपण ते सेकंदासेकंदाला सिद्ध करू शकतो."

"हा मूर्खपणा कुणी केला?"

स्वेटररावांनी रॅकचं दार उघडलं. बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"अक्षर कुणाचं?"

खोटं बोलायला चांगली संधी होती. चिठ्ठीवर नाव नव्हतं. "माझं," स्वेटरराव म्हणाले.

बाईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. स्वेटरराव हळूच म्हणाले, "बारकाई माझी. ट्रे मात्र मी जोडले नव्हते. ते कलम चौदा."

पेन वहीपासून एका बोटावर थांबलं. कलम चौदा कुणी लिहिलं, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनी वातानुकूलन यंत्राकडे पाहिलं. ते छान चाललं होतं.

"त्या वेळी," बाई घसा साफ करत म्हणाल्या, "सीडी वापरात होत्या."

"होत्या ना, बाई. आमच्या घरी अजून दोन आहेत."

"किती वाजले?"

"पाच वाजून दोन मिनिटं."

कलमबाईंनी टोपण लावलं, वही मिटली, शाल सारखी केली. "मग मुदत टळली. आता हरकत घेता येणार नाही. नियम म्हणजे नियम." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "योजनेत ट्रे काढायचं लिहिलंय?"

"कलमामुळे अडलं होतं."

"लिहा. कलम चौदा मी सोमवारी तात्पुरतं स्थगित करते."

"तात्पुरतं?"

"उद्या रद्द करणे, असं चिठ्ठीवर लिहून ठेवेन," बाई म्हणाल्या. स्वेटररावांना आयुष्यभर प्रश्न पडला की त्या हसल्या होत्या की थंडीनं दात वाजले होते.

साहेबांनी योजनेवर सही केली नाही. फक्त अर्जावरचा पेपरवेट उचलला. त्यांच्या भाषेत तो होकार होता. सतरा डिस्क पुसल्या गेल्या. सतरा खोकी विक्रीवाला घेऊन गेला.

शनिवारी सकाळी सहाला गाडी सुटली. पुढे बायको, शेजारी स्वेटरराव, मागे टोपी आणि टोपीखाली सासरे. पाचव्या दिवशी स्वेटररावांनी वाळूत बसून फोनकडे टक लावली. तो वाजला नाही. सहाव्या दिवशी त्यांनी तो पिशवीत टाकला, सातव्या दिवशी पिशवी खोलीवर विसरले. बायको लांबवर पोहून येई आणि त्यांना गुडघाभर पाण्यात उभं राहायला शिकवी. "घाबरू नका. क्लच सोडा हळूहळू."

आठव्या दिवशी दुपारी बायकोच्या फोनवर ऑफिसचा नंबर आला. ती किनाऱ्यावर होती, स्वेटरराव कमरेइतक्या पाण्यात. तिनं नंबर पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून फोन उचलला.

"साहेब बोलतोय. आहेत का ते?"

"पाण्यात आहेत. मशीन बसलं का?"

"नाही, नाही. तेच तर." साहेबांचा आवाज चिंतातुर होता. "रोज सकाळी निरोप येतो. ड्रॉवर एक टक्काही भरला नाही म्हणतो. आठ दिवस झाले, तरी तेच! इथं सगळं सुरळीत चाललंय. मला झोप येत नाहीये. त्यांना विचारा, काही बिघडलंय का?"

बायकोनं फोन छातीशी धरला आणि लाटांच्या वर आवाज चढवला. "अहो! साहेब विचारताहेत, सगळं नीट कसं चाललंय?"

स्वेटररावांनी काहीतरी ओरडून सांगितलं, पण तेवढ्यात लाट आली.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"ट्रे रिकामा होता म्हणतात."

"म्हणजे?"

"ते आल्यावर विचारा. सोमवारी," बायको म्हणाली. तिनं फोन बंद करून वाळूत ठेवलेल्या बाबांच्या टोपीत टाकला, किल्लीही त्यातच टाकली, आणि पाण्याकडे पळाली.